मृत्पात्री, निसर्गप्रेरित

मृत्पात्री, निसर्गप्रेरित : पक्षी, पशू, मासे, वृक्षवेली इत्यादींच्या रूपांवर आधारलेली मृत्पात्री. तिचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात : भांड्यांच्या पृष्ठभागावर रंगविलेली वा कोरलेली चित्रे, पक्ष्याचा वा पशूचा घाट दिलेली भांडी आणि मातीतून स्वतंत्रपणे घडविलेल्या प्राणिमूर्ती. महाराष्ट्रात या कलेचा पुरावा सु. चार हजार वर्षांइतका जुना आहे. तथापि तो सलग नाही. काही काळात भांड्यांवर पक्षी व मासे विपुल दिसतात, तर त्यानंतरच्या काळात ते जवळजवळ नाहीसे होऊन त्यांची जागा केवळ रेषा आणि चौकटी घेतात. कुंभाराच्या सभोवतीचा निसर्ग त्याच्या भांड्यावर आपोआप उमटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. महाराष्ट्रातील पुरावा मात्र या समजुतीस पूर्णतः अनुकूल नाही. निसर्गातील कोणते रूप भांड्यावर यावे, हे ते रूप भोवताली असण्यावर जितके अवलंबून असते, तितकेच ते माती, चाक व कुंचला यांच्या मर्यादांवर आणि त्या त्या समाजाच्या संकेतांवर अवलंबून असते.

भौगोलिक पार्श्वभूमी : महाराष्ट्रातील प्राचीन चित्रित मृत्पात्रीची दोन प्रमुख क्षेत्रे आहेत. उत्तरेस तापी व तिच्या गिरणा, पांझरा इ. उपनद्यांचे खोरे आणि दक्षिणेस गोदावरी–प्रवरा खोरे. सातमाळा डोंगररांगेने गिरणा खोरे गोदावरी खोऱ्यापासून वेगळे झाले आहे. नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी तालुका या रांगेच्या दक्षिण पायथ्याशी, म्हणजे या दोन क्षेत्रांच्या सीमेवर वसलेला आहे. सह्याद्रीत उगम पावणारी कादवा नदी दिंडोरी व निफाड तालुक्यांतून वाहत जाऊन नांदूर मधमेश्वर येथे गोदावरीस मिळते. या संगमावरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेला जलाशय हिवाळी स्थलांतरित पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असून २०१९ मध्ये त्याचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाला. महाराष्ट्रातील ही पहिली रामसर पाणथळ जागा होय. चक्रवाक, चमचा, शराटी, करकोचा इ. पक्षी येथे आढळतात. हा जलाशय आधुनिक बंधाऱ्याने निर्माण झालेला असल्याने आज तेथे दिसणाऱ्या पक्षिसमूहावरून प्राचीन भांड्यांवरील पक्ष्यांची ओळख पटविणे योग्य नव्हे. परंतु नदीचे डोह, पूरमैदाने आणि त्यांवर उतरणारे पाणपक्षी ही या खोऱ्यांतील प्राचीन वसाहतींनाही परिचित असलेली दृश्ये होती, असे मानण्यास हरकत नाही.

तंत्र : निसर्गरूपांच्या चित्रणावर तंत्राचा प्रभाव किती मोठा असतो, हे भांडे घडविण्याच्या क्रमावरून स्पष्ट होते. दख्खनमधील काळी माती सुकताना फार आकसते व तडकते. म्हणून कुंभार नदीकाठची गाळाची माती पसंत करतो आणि तीत वाळू, राख किंवा लीद मिसळून तिचा चिकटपणा कमी करतो. चाकावर उतरविलेले भांडे अर्धवट सुकल्यावर थापी व आतून धरलेला गोल दगड यांच्या साहाय्याने ठोकून त्याची भिंत पातळ केली जाते. नंतर गेरूसारख्या लोहयुक्त मातीच्या पातळ कालवणाचा लेप देऊन पृष्ठभाग घोटला जातो. प्राचीन चित्रे बहुधा या लेपावर, भांडे भाजण्यापूर्वी रंगविलेली असत. काळ्या रंगासाठी लोह व मँगॅनीज यांची खनिजे वापरीत. भट्टीत हवा खेळती राहिल्यास लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन भांड्याचा अंग लाल वा नारिंगी होतो. हवा कोंडल्यास तो राखी किंवा काळा होतो. उघड्या आव्यात तापमान सामान्यतः ७०० ते ९०० से. या दरम्यान असते.

फिरत्या चाकावरील भांड्यास कुंचला नुसता टेकवून धरला, तरी त्याभोवती समान जाडीची आडवी रेषा उमटते. त्यामुळे आडवे पट्टे ही चाकाने दिलेली जणू नैसर्गिक सजावट होय. पक्ष्याची आकृती काढण्यासाठी मात्र चाक थांबवावे लागते, भांडे हाती घ्यावे लागते व वक्र पृष्ठभागावर प्रत्येक आकृती स्वतंत्रपणे रेखाटावी लागते. म्हणजे पक्षी काढणे हे अधिक वेळाचे व जाणीवपूर्वक केलेले काम आहे. दोन आडव्या पट्ट्यांमधील मोकळ्या जागेत आकृती बसवावयाची असल्याने पक्षी रांगेने मांडले जातात. लेप ओला रंग चटकन शोषून घेतो, त्यामुळे एकदा काढलेली रेषा पुसता येत नाही. परिणामी आकृती मोजक्या रेषांत आटोपली जाते. पाठीचा एक वक्र, मानेची एक रेषा, पायांच्या दोन काड्या आणि अंगात भरलेल्या तिरप्या वा जाळीदार रेषा एवढ्यावर पक्षी पूर्ण होतो. या संक्षेपास अनेकदा ‘आदिम’ असे म्हटले जाते. वास्तविक तो साधनांच्या मर्यादांतून सिद्ध झालेला व हाताला सरावाने साधलेला संक्षेप आहे.

मूर्तिकामातील अडचणी वेगळ्या आहेत. चोच, पाय व शेपटी हे भाग धडापेक्षा पातळ असल्याने आधी सुकतात आणि सांध्याशी चिरतात. म्हणून मातीचा पक्षी सहसा पाय पोटाशी घेऊन बसलेला किंवा बुंध्यासारख्या बैठकीवर उभा दाखवितात. जाड भरीव धडात ओल उरल्यास भट्टीत तिची वाफ होऊन मूर्ती फुटते. त्यामुळे मोठ्या मूर्ती आतून पोकळ करून त्यांस एक छिद्र ठेवावे लागते. पोकळ धड आणि छिद्र यांच्या संयोगातूनच मातीची शिट्टी सिद्ध होते. हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर पक्ष्याच्या आकाराच्या मातीच्या शिट्ट्या मिळाल्या आहेत. त्यांतील खेळण्याची कल्पना आणि कारागिरीची गरज यांचा मेळ लक्षणीय आहे. या अडचणी केवळ प्राचीन कारागिरांपुरत्या नव्हत्या. जर्मनीतील माइसेन येथे योहान योआखिम केंडलर (१७०६–७५) याने १७३० नंतरच्या दशकात सॅक्सनीच्या राजदरबारासाठी पोर्सेलिनचे पूर्णाकृती पक्षी व पशू घडविले. त्यांपैकी मोठ्या मूर्तींना भाजताना पडलेल्या भेगा आजही दिसतात.

प्राचीन परंपरा : महाराष्ट्रातील चित्रित मृत्पात्रीचा पद्धतशीर अभ्यास १९५०–५१ मध्ये सुरू झाला. त्या वर्षी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे ह. धी. सांकलिया व शां. भा. देव यांनी गोदावरीकाठच्या नाशिक येथील मातीच्या गढीचे व प्रवरेकाठच्या जोर्वे (ता. संगमनेर) येथील टेकाडाचे उत्खनन केले. जोर्वे येथे प्रथम ओळखल्या गेलेल्या काळ्या रंगाच्या चित्रणाच्या लाल भांड्यांवरून त्या संस्कृतीस ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले. त्यानंतर बहाळ, प्रकाशे, नेवासे, चांदोली, इनामगाव इ. ठिकाणी झालेल्या उत्खननांनी ताम्रपाषाणयुगीन महाराष्ट्राचे चित्र स्पष्ट झाले. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील दायमाबाद या स्थळाचे महत्त्व या दृष्टीने विशेष आहे. तेथे सावळदा, उत्तर हडप्पा, दायमाबाद, माळवा व जोर्वे या पाच संस्कृतींचे थर एकावर एक मिळाल्याने भांड्यांवरील चित्रणात कालक्रमाने पडत गेलेला फरक एकाच स्थळी पाहता येतो [⟶ दायमाबाद].

यांपैकी सर्वांत खालचा थर सावळदा संस्कृतीचा आहे. तापी खोऱ्यातील सावळदा या स्थळावरून हे नाव पडले असून तिचा काळ इ. स. पू. सु. २००० च्या आसपासचा मानला जातो. धुळे जिल्ह्यातील कवठे येथेही या संस्कृतीची वसाहत उत्खननात उघडकीस आली. सावळदा भांड्यांवर मासे, पक्षी, चतुष्पाद प्राणी, वनस्पती तसेच बाणाग्रे व मासे मारण्याची हत्यारे यांची चित्रे आढळतात. प्राणी आणि त्यांना मारण्याची साधने एकाच चित्रसंग्रहात येतात, ही गोष्ट विचारात घेण्याजोगी आहे. नदीकाठचा निसर्ग येथे केवळ पाहण्याचा विषय नसून उपजीविकेचा विषय होता.

माळवा संस्कृतीच्या भांड्यांवर (इ. स. पू. सु. १६००–१४००) चित्रणाची हीच आवड दिसते. मध्य प्रदेशातील नर्मदाकाठच्या नावडातोली येथील भांड्यांवर हरणे, पक्षी व हात धरून नाचणाऱ्या मानवाकृतींच्या रांगा आहेत. हडप्पा संस्कृतीच्या क्षेत्रातही पक्ष्यांना मानाचे स्थान होते. हडप्पा येथील ‘एच’ दफनभूमीतील अस्थिकुंभांवर मोरांच्या आकृती असून त्यांपैकी काहींच्या पोटात आडवी मानवाकृती रेखाटलेली आहे. हे मोर मृताचा आत्मा वाहून नेतात, असा अर्थ उत्खननकारांनी लावला. गुजरातमधील लोथल येथील एका भांड्यावर झाडावर बसलेले, चोचीत मासा धरलेले पक्षी आणि खाली कोल्ह्यासारखा प्राणी दाखविला आहे. ते एखाद्या लोककथेचे चित्रण असावे, असा तर्क करण्यात आला आहे.

जोर्वे संस्कृतीच्या काळात (इ. स. पू. सु. १४००–१०००) मात्र चित्र पालटते. या काळची भांडी तंत्रदृष्ट्या अधिक प्रगत आहेत. त्यांची माती बारीक चाळलेली, भिंत पातळ, भाजणी उत्तम आणि नाद धातूसारखा आहे. तोटीचे घट व कंगोरेदार वाडगे हे त्यांचे वैशिष्ट्यपूर्ण घाट होत. परंतु त्यांवरील काळ्या रंगाचे चित्रण बहुतांशी भौमितिक आहे. तिरप्या रेषांचे गट, चौकटी, त्रिकोण व जाळ्या यांची पुनरावृत्ती होते आणि पशुपक्षी क्वचित दिसतात. तंत्र सुधारले असता आकृतिचित्रण वाढावे, ही अपेक्षा येथे फोल ठरते. भांड्यांची मागणी वाढली की वेगाने काढता येणारी व फिरत्या चाकाला अनुकूल अशी सजावट रूढ होते, हे याचे एक कारण संभवते. दुसरे असे, की एका मोठ्या प्रदेशातील वसाहतींनी समान नक्षी स्वीकारली, तर ती नक्षी त्या समाजाची ओळख बनते आणि कुंभाराच्या व्यक्तिगत कल्पनेला तीत वाव उरत नाही.

पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात झालेल्या उत्खननाने या प्रश्नाला आणखी एक बाजू जोडली. तेथील उत्तर जोर्वे काळात (इ. स. पू. सु. १०००–७००) पर्जन्यमान घटून शेतीस उतरती कळा लागली. प्रशस्त चौकोनी घरांऐवजी लहान गोल झोपड्या आल्या आणि लोक शिकारीवर व पशुपालनावर अधिक अवलंबून राहू लागले, असा निष्कर्ष म. के. ढवळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. त्याच काळात भांड्यांचा दर्जा खालावला व त्यांवरील चित्रण विरळ झाले. म्हणजे वन्य प्राण्यांशी दैनंदिन संबंध वाढला असतानाही ते प्राणी भांड्यावर परतले नाहीत. भांड्यावरील चित्र म्हणजे त्या समाजाच्या आहाराची वा परिसराची नोंदवही नव्हे, हे यावरून स्पष्ट होते. चित्रणासाठी निसर्गाच्या सान्निध्याइतकीच सवडीची आणि स्थैर्याची गरज असते.

तरीही ही भांडी निव्वळ व्यवहारोपयोगी नव्हती. जोर्वे समाजात मृत बालकांना दोन घटांत, त्यांची तोंडे एकमेकांस जोडून, घराच्या जमिनीखाली पुरण्याची चाल होती. सोबत तोटीचे घट व वाडगे ठेवीत. ज्या घटात धान्य साठवायचे, त्याच जातीच्या घटात मूल पृथ्वीच्या स्वाधीन केले जाई. अशा घटावर मोर नसला, तरी त्याचा फुगीर घाटच उदराचे सूचक आहे, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. निसर्गाशी असलेला भावनिक संबंध येथे चित्रातून न येता घाटातून आला, असे म्हणता येईल.

अर्थनिर्णयातील सावधगिरी : मातीच्या भांड्यांवरील पक्ष्यांची जात ठरविणे बहुधा शक्य नसते. मोर हा त्याच्या तुऱ्यावरून व लांब पिसाऱ्यावरून ओळखता येतो. लांब पाय व लांब मान असलेली आकृती पाणपक्ष्याची आहे एवढेच सांगता येते. ती बगळ्याची, करकोच्याची की शराटीची, हे कुंभाराच्या चार रेषांतून निश्चित होत नाही. प्राण्यांची ओळख चित्रांवरून नव्हे, तर त्याच थरातील हाडांच्या अभ्यासावरून अधिक विश्वसनीय ठरते. म्हणून खापर कोणत्या थरात, कोणत्या घरात व कशासोबत मिळाले, ही माहिती त्यावरील चित्राइतकीच मोलाची असते.

ऐतिहासिक व आधुनिक काळ : सातवाहन काळात चित्रित भांड्यांचे महत्त्व ओसरले आणि साच्यातील मूर्तिकाम पुढे आले. तेर, पैठण, नेवासे इ. ठिकाणी पांढऱ्या केओलीन मातीच्या, दुहेरी साच्यातून काढलेल्या पोकळ मूर्ती मिळाल्या आहेत. पक्षी व वेली यांचे चित्रण या काळापासून मुख्यत्वे दगडात व भित्तिचित्रांत आढळते. अजिंठ्याच्या लेण्यांतील छतांवरील कमळे, फळे, हत्ती आणि हंसपंक्ती ही त्याची परिणत रूपे होत.

हीच रूपे एकोणिसाव्या शतकात पुन्हा मातीच्या भांड्यांवर आली. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत (स्थापना १८५७) १८७० नंतरच्या दशकात जॉर्ज विल्किन्स टेरी यांच्या देखरेखीखाली मृत्पात्री विभागाचे काम सुरू झाले. सिंधमधील झिलईदार मृत्पात्रीची परंपरा जाणणाऱ्या कारागिरांचे साहाय्य त्यासाठी घेण्यात आले. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करीत होते. त्यांतील पक्षी, प्राणी व फुलवेली यांचा वापर या भांड्यांच्या सजावटीत झाला. या मृत्पात्रीचे नमुने मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात व लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अ‍ॅल्बर्ट संग्रहालयात आहेत. तिची रूपे भारतीय असली, तरी ग्राहक बव्हंशी युरोपीय होता. गावच्या कुंभाराच्या चाकापर्यंत ती पोहोचली नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतात स्टुडिओ मृत्पात्रीचा उदय झाला. महाराष्ट्रात निर्मला पटवर्धन यांनी झिलयांच्या रसायनावर प्रदीर्घ प्रयोग केले, तर परंपरागत कुंभार कुटुंबातून आलेले ब्रह्मदेव राम पंडित यांना २०१३ मध्ये पद्मश्री हा किताब मिळाला. या पंथात निसर्गाचे अनुकरण बाह्याकृतीपुरते मर्यादित राहिले नाही. लाकडाची वा भाताच्या तुसाची राख, नदीतील वाळू, निरनिराळ्या मृत्तिका यांपासूनच झिलई तयार करून शेवाळ, खडक वा पाऊस यांचा आभास केवळ पोत व रंग यांतून साधला जातो. येथे निसर्ग हा चित्राचा विषय नसून चित्राचे द्रव्य ठरतो.

लोकपरंपरा : ग्रामीण महाराष्ट्रात मातीच्या पशुमूर्तींचे स्थान प्रामुख्याने सणांशी निगडित आहे. पोळ्याच्या सणास ज्यांच्या घरी बैल नाहीत ते मातीच्या बैलांची पूजा करतात. दिंडोरीसह नाशिक जिल्ह्यातील बाजारांत हे बैल पोळ्यापूर्वी विक्रीस येतात. खानदेशात व विदर्भात भुलोजी–भुलाबाईच्या मातीच्या मूर्ती मांडल्या जातात. संक्रांतीची सुगडे, नवरात्रातील घट व अक्षय्य तृतीयेचा पाण्याचा घट ही कुंभाराची ठरलेली कामे होत. या वस्तू टिकविण्यासाठी घडविलेल्या नसतात. सण संपला की त्यांचे विसर्जन होते किंवा त्या मुलांच्या खेळात जातात आणि पुढील वर्षी पुन्हा नव्याने घडविल्या जातात. अशा परंपरेत वस्तू नव्हे, तर हाताचे वळण टिकते. कुंभाराची पुढची पिढी दुसऱ्या व्यवसायात गेली, की हे वळण मागे काहीही न ठेवता लुप्त होते. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या साच्यातील रंगीत मूर्तींमुळे ही प्रक्रिया अधिक वेगाने घडून येत आहे.

जतन : प्राचीन खापरांच्या बाबतीत धोका निराळा आहे. महाराष्ट्रातील खेड्यांत लागवडीच्या जमिनीस ‘काळी’ व वसतीच्या जागेस ‘पांढरी’ असे म्हणतात. जुन्या वसाहतीची टेकाडे राख, शेण व कोसळलेल्या मातीच्या भिंती यांमुळे पांढुरकी दिसतात. ही माती पिकास सकस असल्याने शेतकरी ती पिढ्यान्‌पिढ्या खणून शेतात टाकीत आले आहेत. नद्यांच्या पुरांनी व धरणांच्या जलाशयांनीही काठावरील टेकाडे नष्ट केली आहेत. कादवा खोऱ्यात पाटबंधाऱ्यांनंतर द्राक्षबागांचा मोठा विस्तार झाला असून त्यासाठी जमिनींचे यंत्रांनी सपाटीकरण केले जाते. बैलांच्या गाडीने एक पांढरी संपावयास शतक लागत असे, तर यंत्रास काही दिवस पुरतात.

पक्ष्याचे चित्र असलेले खापर शेतात सापडले, तर ते उचलून घरी नेण्याने चित्र वाचते. परंतु त्याचा थर, काळ व संदर्भ नाहीसा होतो. मग तो पक्षी सावळद्याचा की जोर्व्याचा, डोंगरापलीकडून आलेला की येथेच रंगविलेला, हे सांगता येत नाही. सातमाळ्याच्या उत्तरेकडील आकृतिप्रधान परंपरा आणि दक्षिणेकडील रेषाप्रधान परंपरा यांचा परस्परसंबंध समजून घेण्यास त्या रांगेच्या दोन्ही पायथ्यांच्या पांढरी हे मुख्य साधन आहे. अशा जागा आढळल्यास खापर जागीच ठेवून त्याची नोंद करणे आणि राज्य पुरातत्त्व विभागास कळविणे हाच ते राखण्याचा खरा मार्ग होय. पहा : जोर्वे, ताम्रपाषाणयुग, मृत्पात्री.